हळदीची पुडी आणि आंबेनळीचा घाट

आमच्या मोटारीच्या पुढच्या कप्प्यात काय काय असते ते सांगितले तर वाचक हसतील. कपडे धुण्याच्या साबणाची अर्धी वडी, कोरडी ठणठणीत, हळदीची पुडी, खायच्या सोड्याची एक लहान बाटली, सुतळीचा गुंडा, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन लांबट पट्ट्या, आणि तंबाखूची पुडी. आमच्या घरी सात पिढ्यांत कोणी तंबाखू खाल्लेली नाही. एकदा नाकाबंदीला उभ्या असलेल्या पोलिसाने कप्पा उघडायला लावला, ती पुडी पाहिली, माझ्या मास्तरी चेहऱ्याकडे पाहिले, आणि "असू द्या, असू द्या" असे मोठ्या समजूतदारपणाने म्हणून मला सोडून दिले. खुलासा करण्याची संधीच मिळाली नाही. ती आज घेतो.

ही सारी सामग्री मोटारीच्या सुट्या भागांची आहे. निदान आमच्या घरात ती तशी मानली जाते. आणि ही समजूत आमच्या डोक्यात घालणारे गृहस्थ म्हणजे पोलादपूरच्या नाक्यावरचे एक मेस्त्री. गावाच्या नावातच पोलाद. पण या माणसाने आमची मोटार दुरुस्त केली ती लुगड्याने, साबणाने आणि हळदीने. एकदा मात्र त्याने ती दुरुस्त करायला साफ नकार दिला. त्या नकाराची गोष्ट पुढे येईलच.

ज्यांना आमचा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. महाड हे सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या संगमावरचे गाव. चवदार तळ्याचे, रायगडाच्या वाटेवरचे. तेथून दक्षिणेला अठरा-वीस किलोमीटरवर पोलादपूर. या दोन गावांतून बाहेर पडायचे म्हणजे मुंबईची वाट सोडली तर घाट चुकत नाही. पुण्याला जायचे तर वरंधा, खेड-चिपळूणला जायचे तर कशेडी, आणि महाबळेश्वर-वाईकडे जायचे तर पोलादपुराहून आंबेनळी. कशेडीला आता बोगदा झाला आहे. पण माझ्या लहानपणी तिन्ही घाट आपापल्या पुऱ्या वळणांनिशी हजर होते. रेल्वे १९९३ साली वीरपर्यंत आली. तोवर आमचे सारे जगणे रस्त्यावर, म्हणजे एस. टी.वर आणि ज्यांच्याकडे असेल त्यांच्या मोटारीवर.

आमच्याकडे ती होती. अण्णा महाडच्या कोर्टात वकिली करीत. वकिली बेताची आणि मोटारही बेताची. मुंबईच्या एका नातलगाने वापरून वापरून थकवलेली फियाट त्यांनी हप्त्याहप्त्याने विकत घेतली होती. माझ्यापेक्षा ती वयाने बरीच मोठी होती आणि घरात तिला मानही माझ्यापेक्षा जास्त होता.

१९८८ च्या मे महिन्यात आम्ही तिच्यातून आजोळी, वाईला निघालो. पोलादपूर सोडून घाटाची तीन-चार किलोमीटर चढण चढलो असू, तोच पुढून फट् असा आवाज झाला आणि थोड्याच वेळात बॉनेटच्या फटींतून वाफेचे लोट निघू लागले. पंख्याचा पट्टा तुटला होता. तो काठांशी फाटत चालला आहे हे अण्णांना महिनाभर आधीच दिसले होते. पण "वाईहून आलो की बदलू" हा त्यांचा निकाल होता, आणि वकिलांचे निकाल वरच्या कोर्टात फिरतात तसा तो घाटात फिरला.

वर जाणाऱ्या एका ट्रकवाल्याने सांगितले, "मी काही करू शकत नाही, पण खाली नाक्यावर मेस्त्री आहेत." खाली जाणाऱ्या दुसऱ्या ट्रकबरोबर निरोप गेला. तासाभराने मेस्त्री तिसऱ्या ट्रकमधून उतरले. खाकी अर्धी विजार, कानावर अर्धी विडी, हातात एक पाना आणि एक पक्कड. अण्णांनी विचारले, "पट्टा आणलात?" "या गाडीचा पट्टा पोलादपुरात कुठला, वकीलसाहेब? महाडला मिळेल," मेस्त्री म्हणाले, आणि मग आईकडे वळून, "वहिनी, जुनं लुगडं आहे का एखादं?"

आईला वाटले, हात पुसायला हवे असेल. गाडीच्या मागच्या बैठकीवर अंथरायला आजीचे एक जुने हिरव्या काठाचे लुगडे होते. मेस्त्रींनी ते हातात घेऊन मधल्या पोताकडे पाहिलेसुद्धा नाही. काठ तेवढा चिमटीत धरून ओढून पाहिला, आणि चर्रकन लांबच्या लांब फाडून वेगळा केला. आईच्या तोंडून नकळत "अगंबाई!" निघाले.

त्या दिवशी मी शेजारी उभा राहून जे पाहिले त्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. लुगड्याचा काठ हा त्या वस्त्राचा सर्वांत घट्ट विणीचा भाग. सबंध लांबीत त्याला जोड नाही. मेस्त्रींनी तो पाण्यात भिजवला, पिळून त्याची दोरी केली, दुहेरी घेतली आणि इंजिनाच्या पुलीवरून पंख्याच्या पुलीवर अशी घट्ट फिरवून बांधली. गाठ अगदी लहान, आणि तिचे तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे खोबणीत ती अडकायची नाही. खरा पट्टा तीन पुल्यांवरून फिरतो. तिसरी डायनामोची, जो बॅटरीत वीज भरतो. मेस्त्रींनी ती मुद्दाम वगळली. दिवसाउजेडी दिवे लावायचे नाहीत, तेव्हा प्लगच्या ठिणगीपुरती वीज बॅटरीत दोन-तीन तास सहज पुरते. आणि एक पुली कमी म्हणजे दोरीवरचा ताण कमी. पंखा आणि पाण्याचा पंप तेवढे फिरले की झाले.

"आता वर जायचं नाही," मेस्त्री म्हणाले. "तोंड फिरवा, उताराने नाक्यापर्यंत चला, हळूहळू. चढाला हे टिकायचं नाही."

रेडिएटरचेही काही खरे नव्हते. उकळून उकळून त्याच्या एका नळीला बारीकशी चीर गेली होती आणि थेंब थेंब पाणी गळत होते. नाक्यावर आल्यावर मेस्त्रींनी इंजिन निवू दिले. गरम रेडिएटरचे झाकण उघडायला धावलेल्या अण्णांचा हात त्यांनी अक्षरशः धरून ठेवला. आत दाबाखाली कोंडलेले पाणी झाकण सैल होताच तोंडावर उसळते आणि माणूस भाजून निघतो. मग त्यांनी दुकानातून दोन चमचे हळद मागवली, पाण्यात कालवली आणि रेडिएटरमध्ये ओतून इंजिन चालू केले. दहा मिनिटांत गळती थांबली. आई इतकी थक्क झाली की काठ गेल्याचे दुःख ती विसरली. हळद बोटाला लावायची, दुधातून घ्यायची, नवरीला लावायची; ती मोटारीलाही लागते हे तिला नवीन होते.

यात चमत्कार काही नाही. हळकुंडात पिष्टाचा भाग बराच असतो. भुकटीचे कण पाण्याबरोबर चिरेकडे ओढले जातात, गरम पाण्यात फुगतात, चिकट होतात आणि चिरेतच अडकून बसतात. भाताच्या पेजेने जुन्या काळी कागद चिकटवीत, तशातलाच प्रकार. मात्र चीर केसाएवढी असावी लागते. भोक पडले असेल तर हळदीचे पिंप ओतले तरी उपयोग नाही. आणि जास्त हळद ओतली तर चिरेबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजतात, म्हणजे एक दुखणे जाऊन दुसरे येते. मेस्त्रींनी तेव्हाच बजावले होते, "महाडला गेल्यावर हे सगळं धुऊन काढा आणि डाग द्या. हळद औषध आहे, जेवण नाही."

पुढे अण्णा आणि मेस्त्री यांची चांगली गट्टी जमली. पोलादपूरच्या बाजूला खटल्याचे काम निघाले की अण्णा नाक्यावर थांबत आणि मी बरोबर असलो तर गॅरेजमध्ये बसून राही. गॅरेज म्हणजे चार वासे आणि वर पत्रा. तेथे मी जे शिकलो ते कोणत्याही शाळेत शिकलो नाही. पेट्रोलच्या टाकीला बारीक भेग पडली तर तीवर कोरड्या साबणाची वडी घासून भरायची, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. तेथे मेण लावणारा फसतो. मेण पेट्रोलमध्ये विरघळते. उलट पाण्याच्या नळीला साबण लावणारा वेडा, आणि पेट्रोलला हळद लावणारा त्याहून वेडा. काय कशात विरघळते हे एकदा डोक्यात बसले की निम्मी मेस्त्रीगिरी आली, असे ते म्हणत. पुढे कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी हेच तत्त्व आम्हांला तीन तास घेऊन समजावून सांगितले. मी मराठीकडे वळलो त्याला ते तीन तासही थोडे कारणीभूत आहेत.

बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरट हिरवा बुरा चढला की गाडी चालू होत नाही. त्यावर गरम पाण्यात खायचा सोडा. तो बुरा आम्लाचा, सोडा आम्लाचा वैरी. वर पुसून थोडे व्हॅसलीन. कार्बुरेटरखालचे पॅकिंग फाटले तर टपालाचे कार्ड त्या जागेवर ठेवून कडांनी हातोडीने हलके ठोकायचे, म्हणजे नेमका आकार कापला जातो. मग ते तेलात बुडवून बसवायचे. (मेस्त्रींच्या या व्यवसायामुळे अण्णांना आलेली दोन-तीन कार्डे उत्तर देण्यापूर्वीच इंजिनात गेली.) उन्हाळ्यात पेट्रोलच्या पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडली, तर पंपावर ओले फडके गुंडाळून दहा मिनिटे स्वस्थ बसायचे. पाण्याची रबरी नळी फाटली तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून ताणून गुंडाळायची.

आणि तंबाखू! आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. काच पुसणारा वायपर अशा पावसात नेमका बंद पडतो. तेव्हा ओली तंबाखू फडक्यात बांधून काचेवरून चोळायची. एरवी पाणी काचेवर थेंबाथेंबाने उभे राहते आणि समोरचे दिसेनासे होते. तंबाखू चोळली की त्याचा सपाट पापुद्रा होऊन ते सरळ ओघळते. बटाट्याची फोडही हेच काम करते आणि तिच्यामुळे पोलिसांचा गैरसमजही होत नाही. पण बटाटा कप्प्यात आठवडाभर राहिला की काय होते याचा अनुभव आम्ही घेतला आहे.

हा सगळा खटाटोप कंजूषपणाचा होता असे कोणी म्हणेल. थोडासा होताही. पण त्यामागे एक काळ होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५३ साली ठरवले की मोटारी येथेच बनवायच्या. नुसती बाहेरून आणलेल्या भागांची जोडणी करणाऱ्यांना येथे थारा नाही. मुंबईत शिवडीला १९२८ पासून मोटारींची जोडणी करणारी जनरल मोटर्स त्यानंतर गाशा गुंडाळून गेली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेली कुर्ल्याची प्रीमियर, कलकत्त्याकडची हिंदुस्थान मोटर्स अशी दोन-तीन घरे उरली. निर्णय चुकीचा नव्हता, आपला कारखाना उभा राहिलाच. पण गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे आणि जुन्या परदेशी गाड्यांचे सुटे भाग तर बाजारात दिसेनासेच झाले. ज्याच्या दारी जुनी गाडी, त्याच्या नशिबी मेस्त्री. असे मेस्त्री मग गावोगाव घडले. त्यांनी ना पुस्तक वाचले ना प्रमाणपत्र घेतले.

आणि असे करणारे आपणच पहिले, असेही समजू नये. १८८८ च्या ऑगस्टात जर्मनीतील कार्ल बेंझ या संशोधकाची पत्नी बेर्ता ही नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याने बनवलेली तीन चाकी मोटार हाकीत मानहाइमहून फोर्ट्सहाइमला आपल्या माहेरी निघाली. शंभरावर किलोमीटरांचा प्रवास. मोटारीने इतक्या लांब तोवर जगात कोणी गेले नव्हते. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने साफ केली. विजेची तार उघडी पडली, तिला मोज्याच्या बंदाचे वेष्टन केले. इंधन संपले ते औषधांच्या दुकानातून घेतले. डाग काढायला वापरतात तसले द्रव. उतारावर लाकडी ब्रेक झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामड्याच्या पट्ट्या ठोकून घेतल्या. ही हकीकत मी आईला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "माहेरी निघाली होती ना? मग काय!"

काही जण तर सुट्या भागांवर न थांबता सबंध मोटारच घडवायला निघाले. इचलकरंजीच्या शंकरराव कुळकर्ण्यांनी १९४५ च्या सुमारास हे वेड घेतले आणि चार वर्षांनी 'मीरा' नावाची चिमुकली मोटार रस्त्यावर उभी केली. पुढे कित्येक वर्षे ते तिची एकेक सुधारलेली आवृत्ती काढीत राहिले. ही गाडी बारा हजारांत देता येईल असा त्यांचा हिशेब होता. कारखाना निघाला नाही, गाडी बाजारात आली नाही. अगदी अलीकडे, २०२१ च्या डिसेंबरात, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जुळवलेली, फटफटीसारखी लाथ मारून चालू होणारी चारचाकी सगळ्यांनी पाहिली. यशवंतराव चव्हाण जन्मले तेच हे देवराष्ट्रे. साठ हजारांच्या आसपास खर्च, आणि ती केली मुलाची हौस पुरवायला. उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले; पण त्याच वेळी हेही सांगितले की नियमांत न बसणारी ही गाडी आज ना उद्या रस्त्यावरून काढली जाईल, तेव्हा ती मला द्या आणि नवी बोलेरो घ्या. पुढच्याच महिन्यात तशी अदलाबदल झाली. लोहारांची करामत खरी आणि महिंद्रांनी काढलेला नियमाचा मुद्दाही खरा. या दोन खऱ्या गोष्टींच्या मधोमध कुठेतरी पोलादपूरचे आमचे मेस्त्री उभे होते, आणि नेमके कुठे, हे मला १९९० च्या एका रात्री दिसले.

डिसेंबर महिना. संध्याकाळी शेजारच्यांच्या फोनवर वाईहून निरोप आला की आजोबांचे फार झाले आहे, आईला घेऊन ताबडतोब निघा. अर्ध्या तासात आम्ही निघालो. पोलादपूरच्या अलीकडे अण्णांना पायाखाली ब्रेक मऊ लागू लागला. नाक्यावर थांबलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. मेस्त्रींनी कंदील घेऊन चाकांखाली पाहिले. पुढच्या उजव्या चाकाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी फुगली होती आणि तिच्या टोकाशी तेल पाझरत होते.

अण्णा म्हणाले, "गुंडाळा काहीतरी. ट्यूबची पट्टी लावा, तार बांधा."

"नाही," मेस्त्री म्हणाले.

"अहो, लुगड्यावर गाडी चालवलीत तुम्ही!"

"ते पंख्याचं होतं."

अण्णांनी पुष्कळ सांगून पाहिले. दुप्पट पैसे देऊ केले. मेस्त्रींनी विडी विझवली आणि कंदील खाली ठेवला. आई गाडीतून उतरून पुढे आली. "मेस्त्री, माझे वडील जायला टेकले आहेत हो," एवढेच ती म्हणाली. मेस्त्रींनी तिच्याकडे पाहिले नाही. चाकाकडे पाहत ते म्हणाले, "वहिनी, मी बांधून देईन. घाट चढालसुद्धा. पण वर गेल्यावर पुढं पसरणीचा उतार आहे. लेकरू आहे बरोबर."

आणि त्यांनी चक्क गाडीची किल्ली काढून खिशात घातली.

त्या नकाराचे शास्त्र आज मी सांगू शकतो. रेडिएटरमधल्या पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरला फार तर अर्धा-पाऊण किलो. तेथे हळद टिकते, ट्यूबची पट्टी टिकते. जोराने ब्रेक दाबला म्हणजे त्याच्या नळीत हाच दाब चाळीस-पन्नास किलोंवर जातो. घरातल्या कोणत्याही वस्तूची तेथे गाठ टिकायची नाही. त्यात त्या काळच्या गाड्यांत चारही चाकांना एकाच डब्यातून तेल जाई. एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला आणि पाय थेट तळाला टेकला. हातब्रेकच्या भरवशावर घाटाचा उतार उतरू म्हणणाऱ्याने आधी मृत्युपत्र करावे. शिवाय पट्टा तुटला तर गाडी थांबते, पाणी गळले तर गाडी थांबते. ब्रेक तुटला तर गाडी थांबत नाही. मेस्त्रींच्या पोतडीतले सारे उपाय थांबणाऱ्या गाडीसाठी होते. विजेच्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालून देणाऱ्यांवरही ते याच कारणाने चिडत. फ्यूज जळतो तो बाकीची तार जळू नये म्हणून. त्याच्या जागी न जळणारे काही बसवले की गाडी चालते खरी, आणि मग सबंध गाडी पेटते.

पण हे शास्त्र त्या रात्री कोणाला ऐकायचे होते? शेवटची एस. टी. केव्हाच गेली होती. घाट चढणारे दुसरे वाहन मिळाले नाही. आम्ही मेस्त्रींच्या ओट्यावर रात्र काढली. त्यांच्या घरच्यांनी भात आणि कुळथाची पिठी वाढली. आईने ताटाला हात लावला नाही. मेस्त्री स्वतः रात्रभर रस्त्याच्या कडेला कंदील घेऊन बसून होते, एखादे वाहन वर जाताना दिसले तर थांबवायला. एक-दोन ट्रक आले, ते कशेडीकडे वळले. पहाटे पहिली एस. टी. मिळाली. साडेदहाला वाईला पोहोचलो तेव्हा दारात माणसे बसली होती. आजोबा पहाटे चारला गेले होते.

आई त्यानंतर मेस्त्रींविषयी एक अक्षर बोलली नाही. रागाने बोलली नाही आणि बऱ्या शब्दानेही नाही. अण्णा नाक्यावर थांबले तर ती गाडीतच बसून राही आणि दुसरीकडे पाही. अण्णांनी एकदोनदा समजूत घालायचा प्रयत्न केला. "एक तार बांधायला काय झालं होतं?" एवढेच ती म्हणे. पुढे फियाट गेली, अण्णा गेले, मी पुण्याला शिकून परत येऊन कॉलेजात लागलो.

२०१८ च्या २८ जुलैला दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. तीस माणसे गेली, एक वाचला. त्या अपघाताचा आणि ब्रेकच्या नळीचा संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. तो जोडण्याचा मला अधिकारही नाही. पण घाट तोच. दोन दिवस आमच्या घरात दूरदर्शनवर त्या दरीची चित्रे चालू होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाल्यावर आई म्हणाली, "ते मेस्त्री आहेत का रे अजून?"

होते. पंचाहत्तरी उलटलेली, एक डोळा अधू झालेला. चार वाशांच्या जागी आता पक्के गाळे झाले होते आणि नातू काम पाहत होता. त्या वर्षीच्या दिवाळीत आम्ही फराळाचा डबा घेऊन गेलो. आईने ओळख सांगितली: महाडच्या वकीलसाहेबांची पत्नी. मेस्त्रींचा चेहरा उजळला. "फियाट! हिरव्या काठाचं लुगडं! वहिनी, तसला काठ पुन्हा मिळाला नाही हो कुठं. नाक्यापर्यंत एकदासुद्धा सुटला नाही." आई हसली. मग थोडे थांबून तिने डिसेंबरातल्या त्या रात्रीचा विषय काढला. मेस्त्रींनी आठवून पाहिले. बराच वेळ आठवून पाहिले. त्यांना ती रात्र आठवत नव्हती. वडील, वाई, किल्ली, कंदील, काहीच नाही. "असेल," ते म्हणाले. "ब्रेकसाठी लई लोक ठेवून घेतले मी रात्रीचे. कोण कोण ते कसं लक्षात राहील?"

आई काही बोलली नाही. करंज्या जास्त तळल्या आहेत, आधी त्या खा, असे सांगत तिने डबा त्यांच्यापुढे सरकवला.

निघताना मेस्त्रींना माझी नवी गाडी पाहायची होती. मी बॉनेट उघडले. आत वरून प्लॅस्टिकचे मोठे काळे झाकण. इंजिन कुठे, प्लग कुठे, काही दिसत नाही. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. नातू म्हणाला, "आजोबा, हिला संगणक लावून बघायचं असतं." ते खरेच आहे. आताच्या गाडीत साधे पाणी नव्हे, खास शीतक घालतात. तीत हळद टाकणे म्हणजे हजारो रुपयांचा रेडिएटर आपल्या हाताने तुंबवणे. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडात गाड्या पाण्याखाली गेल्या, तेव्हाही तेच दिसले. जुनी गाडी उघडून, पुसून, वाळवून पुन्हा चालू करता येई. नवीचा विजेचा मेंदू भिजला की घरातले काही चालत नाही. पुरातून निघालेली गाडी चालू करून पाहण्याचा मोह तर मुळीच करू नये. इंजिनात शिरलेले पाणी दबत नाही, आतला दांडाच वाकतो. ती तशीच ओढून न्यावी.

असे असूनही कप्प्यातली पुडी आई बदलत राहते, दर दिवाळीला, घरी दळलेल्या नव्या हळदीने. मी एकदोनदा सांगून पाहिले की या गाडीला तिचा उपयोग नाही. गेल्या मार्गशीर्षात वाईहून परतताना वाडा कुंभरोशीला चहाला थांबलो. फुटक्या बशीने तेथल्या पोऱ्याचे बोट कापले आणि रक्त थांबेना. आईने गाडीतली पुडी मागवली, बोटावर दाबून भरली, आणि सुतळी नको म्हणून आपल्या पदराची चिंधी फाडून वर बांधली.

"काठाची फाड," मी म्हणालो.

"काठ कशाला?" ती म्हणाली. "बोट आहे ते, पंखा नाही."